बंदूक थांबल्यानंतर कोण पोहोचते?

१५ ऑक्टोबर २०२५ हा दिवस महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदला जाईल. माओवाद्यांच्या सर्वोच्च नेतृत्वात गणला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का हिने त्याच वर्षीच्या १ जानेवारीला हाच मार्ग पत्करला होता. मे महिन्यात अबूझमाडच्या जंगलात माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला आणि नोव्हेंबरमध्ये आंध्रात हिडमा. साडेचार दशके दंडकारण्याला वेठीस धरणारी एक हिंसक चळवळ अवघ्या वर्षभरात मोडकळीस आली. ज्या पोलीस जवानांनी आणि ज्या वनवासी कुटुंबांनी या काळात आपली माणसे गमावली, त्यांच्या दृष्टीने हा दिवस समाधानाचा आहे आणि त्या समाधानात साऱ्या महाराष्ट्राने सहभागी व्हावे, हे उचितच होय.

परंतु समाधान आणि निश्चिंती यांत अंतर असते. शत्रूने शस्त्र टाकले म्हणजे युद्ध संपले, असे मानण्याची घाई ज्या राष्ट्रांनी केली, त्यांना त्याची किंमत पुढे मोजावी लागली. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या कोलंबिया या देशाची कहाणी याच कारणासाठी आपण मुळातून समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे कोलंबिया म्हटले की कॉफी, अमली पदार्थ आणि फुटबॉल यांपलीकडे सहसा काही आठवत नाही. वस्तुतः भूमीचा प्रश्न, दूरस्थ राज्यसत्ता, सशस्त्र डावे गट आणि जंगलातील निरपराध माणूस यांचे जे समीकरण आपण गडचिरोलीत पाहिले, तेच त्या देशाने कितीतरी मोठ्या प्रमाणावर भोगले आहे.

१८१९ मध्ये बोयाकाच्या लढाईनंतर स्पॅनिश सत्तेपासून मुक्त झालेल्या या देशात सत्ता लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन पक्षांच्या श्रीमंत घराण्यांकडे गेली. भूमी मूठभरांच्या हाती राहिली. १९२८ मध्ये अमेरिकी फळ कंपनीच्या केळीबागांतील संपकरी मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. त्या हत्याकांडाचा जाब संसदेत विचारणारा तरुण नेता म्हणजे होर्खे एलिएसेर गाइतान. पुढे गोरगरिबांचा आधार बनलेल्या या गाइतानची ९ एप्रिल १९४८ रोजी राजधानी बोगोटात भररस्त्यात हत्या झाली आणि संतापाने पेटलेल्या जमावाने शहर जाळले. त्यानंतरच्या दहा वर्षांत दोन्ही पक्षांच्या अनुयायांनी खेड्यापाड्यांत एकमेकांची जी कत्तल केली, तिच्यात सुमारे दोन लाख माणसे मारली गेली. या पर्वाला त्या देशात नुसते ‘हिंसा’ असेच म्हणतात.

दोन्ही पक्षांनी समझोता केला आणि १९५८ पासून आलटून पालटून राष्ट्राध्यक्षपद वाटून घेतले. कागदावर शांतता आली, पण या वाटणीत भूमिहीनांना आणि तिसऱ्या कोणत्याही मताला स्थान नव्हते. १९६४ मध्ये लष्कराने मार्केतालिया येथील शेतकऱ्यांच्या सशस्त्र वसाहतीवर हल्ला चढविला. तेथून निसटलेल्या मूठभरांनी जी संघटना उभारली, तीच पुढे ‘फार्क’ म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाली. क्यूबाच्या क्रांतीने भारावलेला ‘ईएलएन’ हा दुसरा गटही त्याच वर्षीचा. गरिबांच्या नावाने निघालेल्या या टोळ्यांनी पुढे काय केले? कोकाच्या पिकावर कर बसविला, खंडणीसाठी हजारोंचे अपहरण केले आणि कोवळ्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या. २ मे २००२ रोजी बोहाया या नदीकाठच्या गावात फार्कने फेकलेला गॅस सिलिंडरचा बॉम्ब चर्चवर पडला. तेथे जीव वाचविण्यासाठी आश्रयाला आलेले सत्तरहून अधिक ग्रामस्थ त्यात मृत्युमुखी पडले. त्यांत निम्म्याच्या आसपास मुले होती. हेच गरीब ते, ज्यांच्यासाठी क्रांती करावयाची होती!

येथे चित्राची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. गनिमांना तोंड देण्यासाठी जमीनदारांनी आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांनी खासगी सशस्त्र दले पोसली. काही लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे डोळेझाक केली, काहींनी त्यांना साथ दिली. पुढे लष्करात मृतदेहांच्या संख्येवरून पराक्रम मोजला जाऊ लागला. परिणामी नोकरीचे आमिष दाखवून गरीब तरुणांना दूर न्यायचे, ठार करायचे आणि गनिमाचा वेश चढवून ‘चकमक’ दाखवायची, असा भयंकर प्रकार घडला. २००२ ते २००८ या काळात अशा ६,४०२ व्यक्तींचा बळी गेल्याचे त्या देशाच्या विशेष शांतता न्यायालयानेच सांगितले आहे. २०२२ मध्ये सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, तेव्हा १९८५ ते २०१८ या काळातील मृतांचा आकडा साडेचार लाखांवर गेलेला होता. त्यांतील बहुसंख्य निःशस्त्र नागरिक होते. यातील सुमारे ४५ टक्के हत्या खासगी दलांनी, २७ टक्के गनिमी गटांनी आणि १२ टक्के शासकीय दलांनी केल्याचा आयोगाचा निष्कर्ष आहे. कायद्याने चालणाऱ्या राज्याने आपले काम कायद्याबाहेरच्या हातांत दिले की काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही.

अखेर २०१६ मध्ये फार्कशी करार झाला. त्या वर्षी २ ऑक्टोबरला त्यावर सार्वमत घेण्यात आले. ज्यांनी सर्वाधिक सोसले त्या बोहायाने जवळपास ९६ टक्के मते कराराच्या बाजूने दिली, तर देशाने अत्यल्प फरकाने तो फेटाळला. फेटाळणाऱ्यांचा मुद्दा अगदीच निराधार नव्हता, कारण खुन्यांना शिक्षेविना संसदेत बसवायचे काय, हा प्रश्न कोणत्याही न्यायप्रिय मनाला पडेलच. सुधारित करार नोव्हेंबरमध्ये मान्य झाला आणि सुमारे तेरा हजार जणांनी फार्क सोडली. राष्ट्राध्यक्ष सांतोस यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. जगाने टाळ्या वाजविल्या आणि जग पुढच्या बातमीकडे वळले.

मग काय झाले? फार्कने रिकाम्या केलेल्या जंगलांत शाळा, दवाखाना, न्यायालय आणि रस्ता घेऊन शासन पोहोचायला हवे होते. तेथे आधी पोहोचल्या त्या ईएलएनच्या तुकड्या, फार्कमधून फुटलेले गट आणि अमली पदार्थांच्या टोळ्या. करारातील पहिलेच कलम ग्रामीण भूमिसुधारणेचे होते आणि तेच सर्वांत रेंगाळले. शस्त्रे ठेवलेल्या चारशेहून अधिक माजी गनिमांची पुढे हत्या झाली. जानेवारी २०२५ मध्ये कातातुम्बो या सीमावर्ती भागात दोन सशस्त्र गटांच्या झुंजीत पन्नास हजारांवर माणसे घरदार सोडून पळाली. ज्या समस्येचा अंत झाला असे जगाने मानले होते, ती वेगळ्या नावाने त्याच गावात परतली. कोलंबियाचा सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. बंदूक थांबल्यानंतर जी पोकळी निर्माण होते, ती पोकळी म्हणून फार काळ राहत नाही. तेथे आधी कोण पोहोचते, यावर पुढच्या पिढीचे भवितव्य ठरते.

आता हाच प्रश्न जरा जवळून पाहू. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ घ्या. पर्जन्यछायेतला तालुका, उघडे माळ, पिढ्यान्‌पिढ्यांचे अवर्षण आणि सावकारीचा फास. केवळ दारिद्र्यातून बंदूक उगवते हा सिद्धांत खरा असता, तर मोहोळच्या माळावर ती केव्हाच उगवायला हवी होती. ती उगवली नाही, याला कारणे आहेत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कूळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक झाला. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, कित्येक कुळे हुसकावली गेली, हे खरे. तरीही न्याय तलाठ्याच्या दप्तरातून आणि तहसीलदाराच्या कचेरीतून मिळू शकतो, हा विश्वास खेड्यात रुजला. आपल्या नावाचा सातबारा हाती पडलेला शेतकरी राज्याशी भांडतो, मोर्चा काढतो, मतदानात सरकार पाडतो; पण राज्य जाळायला निघत नाही.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण बोलके आहे. त्या वर्षी कोलंबियात चिकोराल येथे राज्यकर्ते आणि बडे जमीनमालक यांच्यात एक समझोता झाला आणि १९६१ पासून रखडत चाललेली भूमिसुधारणा गुंडाळली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. लाखो हात खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला लागले. कामे अपुरी होती, मजुरी तुटपुंजी होती. पण मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने त्याच वर्षी राज्यभर नेले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे उजनीचे पाणी आले, माळावर ऊस उभा राहिला, कारखाने निघाले. यातून नवे प्रश्नही उपजले, मात्र ते प्रश्न सभेत, न्यायालयात आणि मतपेटीत मांडले जातात. मोहोळात एसटी येणे ही बातमी नसते. गडचिरोलीतील गर्देवाडा येथे पहिली एसटी पोहोचायला २०२५ साल उजाडावे लागले! एकाच राज्यातील या दोन गावांमधले अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याचे नाही, ते राज्यसंस्थेच्या उपस्थितीत मोजावयाचे आहे.

सोलापूरकरांना हा इतिहास परका नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहूनच नळदुर्गच्या दिशेने निघाले आणि पाचव्या दिवशी निजामाची राजवट संपली. त्याच निजामी राज्याच्या तेलंगण भागात जमीनदारीच्या जुलमाचा फायदा घेत कम्युनिस्टांनी १९४६ पासून सशस्त्र लढा चालविला होता आणि निजाम गेल्यावरही तो स्वतंत्र भारताच्या सैन्याविरुद्ध चालू ठेवला. त्या धगधगत्या प्रदेशात १८ एप्रिल १९५१ रोजी एक मराठी माणूस निःशस्त्र चालत गेला. पोचमपल्लीत विनोबाजींनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर दिली. भूदानाने देशाचा भूमिप्रश्न सुटला नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण रक्ताशिवायही भूमी हस्तांतरित होऊ शकते, हा विचार या मातीतून निघाला. जेथे हा विचार आणि कायदा दोन्ही पोहोचले नाहीत, तेथे जुनी धग राखेखाली राहिली.

ती धग १९८० मध्ये पुन्हा भडकली. कोंडापल्ली सीतारामय्या याने स्थापन केलेल्या पीपल्स वॉर ग्रुपच्या तुकड्या उत्तर तेलंगणातून नदी ओलांडून सिरोंचाच्या जंगलात उतरल्या. तेव्हा गडचिरोली हा जिल्हाही नव्हता; तो चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. जंगलाचा पिढीजात रहिवासी वनखात्याच्या लेखी अतिक्रमक होता, लाकडाची मोळी आणली तरी त्याला शिपायाच्या हातावर काही ठेवावे लागे, तेंदूपानाची आणि बांबूतोडीची मजुरी ठेकेदार ठरवील ती. नक्षलवाद्यांनी धाकाने ही मजुरी वाढवून दिली आणि विश्वास कमावला. हे सत्य नाकारून चालणार नाही, कारण रोगाचे निदानच चुकले तर औषध लागू पडत नाही.

पण मजुरी वाढवून देणारा लवकरच त्याच ठेकेदाराचा भागीदार झाला. तेंदूच्या हंगामात खंडणी, निवडणुकीवर बहिष्कार, रस्ता करणाऱ्या यंत्रांची जाळपोळ आणि खबऱ्या ठरवून गावासमोर केलेल्या हत्या, हा चार दशकांचा जमाखर्च आहे. शिक्षण आणि रस्ता या दोन गोष्टींचे या ‘क्रांती’ला सर्वाधिक भय वाटले, यातच तिचे स्वरूप उघड होते. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे अनुक्रमे पंधरा, सोळा आणि सतरा पोलीस हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी, राज्य महाराष्ट्र दिन साजरा करीत असताना, जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंगाने पंधरा जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक यांचा घास घेतला. या हुतात्म्यांत स्थानिक मातीतली मुले कितीतरी होती. म्हणजे मारणाराही बहुधा वनवासी आणि मरणाराही वनवासी. आणि आदेश देणारे मात्र भलतीकडचे!

महाराष्ट्राने या संकटाशी झुंजताना जो मार्ग निवडला, त्याचे मोल कोलंबियाच्या तुलनेत अधिक स्पष्ट होते. १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकात स्थानिक तरुण होते, त्यांना जंगल आणि बोली ठाऊक होती आणि मुख्य म्हणजे ते पोलीस दलाचे गणवेशधारी, कायद्याला उत्तरदायी घटक होते. २००३ पासून नक्षल्यांना गावबंदी करणाऱ्या गावांना शासनाने पाठबळ दिले, २००५ पासून आत्मसमर्पणाचे दार उघडले. शेजारच्या बस्तरमध्ये मात्र त्याच २००५ मध्ये सलवा जुडूमचा प्रयोग झाला. माओवाद्यांच्या जुलमाविरुद्धचा ग्रामस्थांचा राग खरा होता, परंतु तो कायद्याच्या चौकटीबाहेर गेला, गावेच्या गावे ओस पडली आणि ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तो प्रयोग घटनाबाह्य ठरवावा लागला. लढाई जिंकायची तर राज्याचा हात खंबीर हवा आणि स्वच्छही हवा. वाटाघाटींच्या नावाखाली शत्रूला बळ मिळू द्यावयाचे नाही, हेही त्याच खंबीरपणात येते. कोलंबियाने फार्कसाठी बेचाळीस हजार चौरस किलोमीटरचा मुलूख मोकळा करून चर्चा चालविली, ती २००२ मध्ये कोसळली आणि त्या काळात फार्क अधिक माजली. आपल्याकडे २००४ मध्ये हैदराबादेत झालेली चर्चाही अशीच निष्फळ ठरली.

आता पुढचा टप्पा. केंद्र शासनाने माओवाद संपविण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. सशस्त्र टोळ्यांना मुदत घालता येते. पण विश्वासाला मुदत घालता येत नाही. गडचिरोलीत रस्ता आला, तो कोणासाठी आला, हे तेथील माणूस बघतो आहे. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे सत्तरहून अधिक वाहने जाळली. त्या जाळपोळीचा निषेध करताना कोणाही देशभक्ताची जीभ अडखळू नये. पण खनिज निघाले, पोलाद झाले आणि डोंगराखालच्या पोराच्या वाट्याला केवळ धूळ आली, तर उद्या कोणी नवा भूपती त्याच धुळीतून उठेल. विकासाला विरोध करणे हा माओवाद्यांचा धंदा होता. विकासात वनवासी बांधवाचा वाटा मागणे हे आपले कर्तव्य आहे. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याने गडचिरोलीवर बोलू नये.

मार्ग कोणता, हे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने बंदुकीच्या सावलीत राहूनही बंदूक उचलली नाही. गावाने एकमताने निर्णय घेण्याची रीत पाडली, अभ्यासगट चालविले आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याचा आधार घेत २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. २०१३ मध्ये तर ग्रामस्थांनी आपल्या शेतजमिनी ग्रामदान कायद्याखाली गावाच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. पोचमपल्लीत पेरलेले बी बासष्ट वर्षांनी गोंडांच्या गावात उगवले! हजाराहून अधिक गावांना असे वनहक्क मिळालेला गडचिरोली हा देशात अग्रेसर जिल्हा आहे. हे हक्क कागदावरून जंगलात उतरले पाहिजेत. हेमलकशात १९७३ पासून बाबा आमटे यांनी उभारलेला प्रकल्प आणि तेथे आयुष्य वेचणारे डॉक्टर दांपत्य यांनी हे दाखवून दिले आहे की, सुशिक्षित माणूस तेथे राहायला गेला, तर वनवासी त्याला आपला मानतो.

शेवटी प्रश्न उरतो तो शस्त्र ठेवलेल्यांचा आणि आपला. कोलंबियात ‘एम-१९’ या गटाने १९९० मध्ये शस्त्रे ठेवली. अवघ्या काही आठवड्यांत त्यांचा नेता कार्लोस पिसारो याची विमानात हत्या झाली. तरीही तो गट जंगलात परतला नाही, १९९१ ची राज्यघटना घडविण्यात सहभागी झाला आणि त्याच गटातला एक माजी सदस्य, गुस्तावो पेत्रो, २०२२ मध्ये मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या विचारांशी सहमत असणे आवश्यक नाही. घटनेने मारेकऱ्याच्या हातून बंदूक काढून मतपत्रिका दिली, हे त्या घटनेचे सामर्थ्य होय. भारताची राज्यघटना त्याहून अधिक सामर्थ्यवान आहे. मात्र ज्याने खून केले त्याला कायद्याने जाब द्यावा लागेल आणि ज्या घरातला माणूस मारला गेला त्या घराची विचारपूस सत्काराच्या मंचाआधी झाली पाहिजे. शरण आलेल्याचे पुनर्वसन दिसते, हुतात्म्याची विधवा आणि खबऱ्या ठरवून मारलेल्याची मुले दिसत नाहीत, असे चित्र न्यायाचे नव्हे.

ज्यांच्या अंगणात आग लागली नाही, त्यांना सूडाची भाषा स्वस्त पडते आणि विस्मरणही. बोहायाने सोसले आणि शांतता मागितली. दूरच्या शहरांनी पाहिले आणि हात आखडता घेतला. मोहोळ, सोलापूर, पुणे, नाशिक येथील सुखवस्तू घरांनी गडचिरोलीच्या बाबतीत यांपैकी काहीही करू नये. एटापल्ली-भामरागडच्या मुलांसाठी वसतिगृहे हवी आहेत, शिक्षक हवे आहेत, दवाखान्यात राहणारे डॉक्टर हवे आहेत, ग्रामसभेला हिशेब आणि कायदा समजावून सांगणारे तरुण हवे आहेत. कार्यकर्त्याने वर्षातला एक महिना आणि कुटुंबाने एका विद्यार्थ्याचा खर्च, एवढा संकल्प केला तरी पुष्कळ आहे. भूपतीने ठेवलेली बंदूक शासनाच्या कोठारात जमा झाली. ती ज्या जागी उगवली होती, त्या जागी आता कोण उभे राहणार, हे ठरविणे समाजाच्या हाती आहे, आणि त्यासाठी फार वेळ मिळणार नाही.